कामासाठी हलका, तरीही ताकदीचा लॅपटॉप कसा निवडावा

लॅपटॉप घ्यायचा ठरला की बहुतेक घरांत आधी रक्कम ठरते, मग त्या रकमेत बसणारे पाच-सहा लॅपटॉप समोर ठेवून तुलना सुरू होते. पण तुलनेला मिळणारे आकडे कंपनीने निवडलेले असतात, आपलं काम त्यांत कुठेच नसतं. म्हणून इथे क्रम बदलू. आधी काम, मग वजन, मग ताकद आणि शेवटी खरेदी.

हा लेख रोज लॅपटॉप खांद्यावर घेऊन घराबाहेर पडणाऱ्यांसाठी आहे. लोकलमध्ये उभं राहून प्रवास करणारे, ग्राहकाच्या कचेरीत बसून काम उरकणारे, घरी आल्यावर रात्री पुन्हा तासभर तो उघडणारे. लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल, तर हलकेपणासाठी जादा पैसे मोजू नयेत. त्याच पैशांत जाडजूड पण अधिक वेगवान यंत्र मिळतं.

पुढे जाण्याआधी एक कसोटी मनाशी पक्की करावी. लॅपटॉपमधल्या काही गोष्टी नंतर बदलता येतात, काही येत नाहीत. पडदा, कीबोर्ड, प्रोसेसर, वजन आणि हल्ली बहुतेक वेळा रॅमसुद्धा पहिल्या दिवशी जशी असेल तशीच शेवटपर्यंत राहते. साठवणीची जागा वाढवता येते, बॅटरी बदलून मिळते, विंडोजची वरची आवृत्ती पैसे भरून घेता येते. आपले पैसे पहिल्या गटात घालावेत. दुसऱ्या गटात कमी-जास्त झालं तर पुढे सावरता येतं.

सुरुवात कागद-पेनाने करावी. आपण रोज कोणती सॉफ्टवेअर उघडतो, त्यांतली किती एकाच वेळी उघडी असतात आणि सध्याच्या संगणकावर कोणत्या कामासाठी ताटकळावं लागतं, हे आठवडाभर टिपून ठेवावं. ‘ब्राउझर, एक्सेल, झूम’ एवढंच लिहून थांबू नये. एक्सेलची फाइल दोनशे ओळींची आहे की दोन लाख ओळींची, ब्राउझरमध्ये टॅब सहा असतात की चाळीस, यावर पुढचे सगळे निर्णय ठरतात.

या यादीत एखादं अडवणारं सॉफ्टवेअर आहे का, ते आताच पाहावं. टॅलीप्राइम, रेव्हिट, सॉलिडवर्क्स ही विंडोजवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत. मॅकवर ती थेट बसत नाहीत. ऑटोकॅडची मॅकसाठी वेगळी आवृत्ती आहे, पण विंडोजच्या आवृत्तीतली सगळी साधनं तिच्यात नाहीत. जीएसटी, आयकर किंवा ई-निविदांचं काम करणाऱ्यांकडे डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं. त्या टोकनला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे बाहेरून जोडलेलं उपकरण संगणकाला ओळखता यावं यासाठीचा छोटा प्रोग्राम. तो आपल्या नव्या यंत्रासाठी उपलब्ध आहे का, हे टोकन देणाऱ्याला विचारूनच पुढे जावं.

हा प्रश्न आता जास्त महत्त्वाचा झाला आहे. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप बाजारात आले. ते हलके असतात आणि त्यांची बॅटरी छान टिकते. पण त्यांची रचना इंटेल आणि एएमडीपेक्षा वेगळी, म्हणजे मोबाइलच्या प्रोसेसरसारखी ‘आर्म’ पद्धतीची असते. इंटेलसाठी लिहिलेलं बरंचसं सॉफ्टवेअर ते आतल्या आत रूपांतर करून चालवतात; ड्रायव्हरचं मात्र असं रूपांतर होत नाही. सहीचं टोकन, जुना प्रिंटर किंवा कार्यालयाचं व्हीपीएन, यांतलं एक जरी अडलं तरी रोजचं काम अडेल. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्ये आणि ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये चालतं, त्यांनी हे लॅपटॉप जरूर पाहावेत. इतरांनी आपल्या प्रत्येक उपकरणाची खातरजमा करून मगच.

आता वजन. तपशिलाच्या पानावर वजनाआधी ‘पासून’ असा शब्द असतो, तो नीट वाचावा. तो आकडा त्या मालिकेतल्या सर्वांत हलक्या आवृत्तीचा असतो. स्पर्शाचा पडदा किंवा मोठी बॅटरी घेतली की वजन वाढतं. अंदाज यावा म्हणून सांगतो: १३ इंची मॅकबुक एअर १.२४ किलोचा, लेनोवोचा थिंकपॅड एक्स१ कार्बन १.१ किलोच्या आसपासचा, एलजीचा १६ इंची ग्रॅम सुमारे १.२ किलोचा. नेहमीचे १५.६ इंची लॅपटॉप १.६ ते १.८ किलोचे असतात आणि गेमिंगचे बहुतेक सव्वादोन किलोच्या वर जातात.

खांद्यावर मात्र एकटा लॅपटॉप नसतो, चार्जरही असतो. गेमिंग लॅपटॉपची ‘वीट’ एकटीच अर्ध्या किलोहून अधिक भरते. उलट यूएसबी-सीवर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपला ६५ वॅटचा गॅलियम नायट्राइडचा चार्जर पुरतो. तो मुठीत मावतो आणि मोबाइलही त्यावरच चार्ज होतो. म्हणून लॅपटॉप आणि चार्जर यांची बेरीज करूनच तुलना करावी. रोजच्या प्रवासासाठी ही बेरीज दीड किलोच्या आत बसावी, असं माझं मत आहे. पावणेदोन किलोपर्यंत चालून जातं. त्यापुढे पाठ सांगायला लागते.

दुकानात लॅपटॉप बंद करून एका कोपऱ्याला धरून उचलून पाहावा. उघडून कीबोर्डच्या मधोमध बोटाने हलका दाब द्यावा. फार लवत असेल तर वजन बांधणीतून कमी केलं आहे असं समजावं. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं कवच हाताला प्लास्टिकसारखं लागतं, पण ते हलकं आणि मजबूत असतं; ते पाहून बिचकू नये. बिजागरीही पाहावी. एका हाताने झाकण उघडताना खालचा भाग वर उचलला जाऊ नये.

लोक सर्वांत जास्त फसतात ते प्रोसेसरच्या बाबतीत, म्हणून इथे थोडं सावकाश जाऊ. प्रोसेसर म्हणजे सगळी आकडेमोड करणारी मुख्य चिप. दुकानदार ‘आय-५ की आय-७’ असं विचारतो आणि आपल्याला वाटतं सात मोठा, म्हणजे तो चांगला. पण खरी माहिती त्यापुढच्या आकड्यात आणि शेवटच्या अक्षरात असते.

इंटेलचं एक उदाहरण घेऊ. ‘आय-७ १३५५यू’ या चिपमध्ये दहा कोअर आहेत. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे काम करू शकणारा चिपमधला भाग. या दहांपैकी फक्त दोन पूर्ण ताकदीचे, उरलेले आठ वीज वाचवणारे. ‘आय-५ १३५००एच’मध्ये बारा कोअर आहेत आणि त्यांतले चार पूर्ण ताकदीचे. पहिली चिप मूळ १५ वॅटची, दुसरी ४५ वॅटची. व्हिडिओ तयार करणं, मोठा कोड जुळवणं अशा लांबलचक कामांत ही आय-५ त्या आय-७च्या पुढे जाते. पण ती जास्त तापते आणि बॅटरीही जास्त खाते. हलक्या लॅपटॉपसाठी कोणती योग्य, हे आपल्या यादीवरून ठरेल, सात या आकड्यावरून नाही.

अक्षरांचा अर्थ थोडक्यात असा: यू म्हणजे कमी विजेची चिप, एच म्हणजे जास्त ताकदीची, एचएक्स म्हणजे जाड, गेमिंगच्या यंत्रांची. डिसेंबर २०२३ मध्ये इंटेलने ‘आय’ सोडून ‘कोअर अल्ट्रा’ हे नाव आणलं. त्यानंतर आलेल्या ‘कोअर ५ १२०यू’, ‘कोअर ७ १५०यू’ अशा अल्ट्रा नसलेल्या चिप नावाने नव्या असल्या तरी रचनेने आधीच्या पिढीच्या आहेत. त्या वाईट नाहीत, पण त्यांना अल्ट्राची किंमत देऊ नये. २०२४ च्या अल्ट्रामधल्या व्ही अक्षराच्या चिप खास पातळ लॅपटॉपसाठी केलेल्या आहेत आणि बॅटरीच्या बाबतीत इंटेलच्या आधीच्या चिपांपेक्षा खूपच काटकसरी आहेत.

एएमडीच्या रायझनमध्ये दुसराच सापळा आहे. ‘रायझन ५ ७५२०यू’, ‘रायझन ५ ७५३०यू’ आणि ‘रायझन ५ ७५४०यू’ ही तीन नावं शेजारी ठेवली तर जुळी-तिळी वाटतात. या मालिकेत तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो. म्हणजे पहिली चिप दुसऱ्या पिढीची, दुसरी तिसऱ्या आणि तिसरी चौथ्या पिढीची. दुसऱ्या पिढीची ती रचना मुळात २०१९ मधली आहे, आणि ७५२०यूमध्ये कोअरही चारच आहेत; बाकी दोन्हींत सहा. डब्यावर तिन्हींना ‘रायझन ५, ७००० मालिका’ असंच म्हणतात. सात हजारांतली चिप दाखवली गेली की पूर्ण आकडा मागून तिसरा अंक वाचावा.

चिप कळली तरी ताकद कळली असं होत नाही. तीच चिप दोन वेगळ्या लॅपटॉपांत वेगळ्या वेगाने चालते, कारण उष्णता. पातळ कवचात पंखा लहान, हवा जायला जागा कमी. काम सुरू झाल्यावर पहिले काही क्षण चिप पूर्ण जोर लावते, मग तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवते. लॅपटॉप ‘सुरुवातीला पळतो, मग रेंगाळतो’ अशी तक्रार येते तिचं मूळ बहुतेकदा हेच असतं.

म्हणून चाचणीचे व्हिडिओ किंवा लेख पाहताना पहिल्या फेरीचा आकडा सोडून द्यावा. सिनेबेंच नावाची एक मोफत चाचणी आहे, ती प्रोसेसरला दहा मिनिटं सलग राबवते. दहा मिनिटांनंतर वेग किती टिकला, पंख्याचा आवाज किती झाला आणि तळहात टेकतो ती जागा किती तापली, या तीन गोष्टी शोधाव्यात. चार्जर काढल्यावर वेग किती पडतो तेही पाहावं. विंडोजचे अनेक लॅपटॉप बॅटरीवर बरेच मंदावतात आणि दुकानात ते नेहमी चार्जर लावूनच ठेवलेले असतात.

मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. लिखाण, हिशेब, कोड, फोटो यांसाठी त्याची ताकद भरपूर आहे आणि तो अगदी शांत चालतो. पण तासभर सलग व्हिडिओ तयार करत राहिलं तर तोही वेग उतरवतो; अशा कामाला पंखा असलेला मॅकबुक प्रो हवा. आणखी एक गोष्ट विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवावी. ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी भोवतालचं तापमान १० ते ३५ अंश असावं असं सांगते. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरला पारा ४५ च्या आसपास असताना पंखा नसलेलं कोणतंही यंत्र बंद खोलीत, गादीवर ठेवून ताणलं तर मंदावणारच. तिथे पंख्याचा लॅपटॉप आणि खाली टणक टेबल, हाच मार्ग बरा.

रॅम म्हणजे चालू असलेल्या कामापुरती संगणकाची तात्पुरती जागा. ती भरली की संगणक साठवणीच्या जागेचा आधार घेतो आणि सगळं जड होतं. कामाच्या लॅपटॉपला आज १६ जीबीपेक्षा कमी रॅम घेऊ नये. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅकबुक एअरची किमान रॅम ८ वरून १६ जीबी केली. एका संगणकात दुसरे आभासी संगणक चालवणारे प्रोग्रामर, मोठे नकाशे किंवा आराखडे हाताळणारे यांनी ३२ जीबी घ्यावी. बाकीच्यांना १६ पुरते.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे ‘आत्ता ८ घेऊ, पुढे वाढवू’ हा बेत. हलक्या लॅपटॉपांत रॅम बहुधा मुख्य पट्टीवर कायमची डाग देऊन बसवलेली असते. ती वाढत नाही. तपशिलात ‘ऑनबोर्ड’, ‘सोल्डर्ड’ किंवा ‘एलपीडीडीआर५’ असं दिसलं की तसंच समजावं. इंटेलच्या व्ही मालिकेत तर रॅम थेट चिपच्या पाकिटातच येते. तिथे ओळखायची एक सोपी खूण आहे: आकड्याचा शेवट ६ असेल, जसं २५६व्ही, तर १६ जीबी, शेवट ८ असेल, जसं २५८व्ही, तर ३२ जीबी.

साठवणीचं फार वाढवत नाही. एनव्हीएमई प्रकारची एसएसडी हवी, ५१२ जीबीची. ‘ईएमएमसी’ असं लिहिलेला लॅपटॉप कामासाठी घेऊ नये, ती साठवण मंद असते. ५१२ जीबीच्या जागी विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसले तर घाबरू नये. मोजण्याच्या दोन पद्धतींमधला तो फरक आहे, फसवणूक नाही. विंडोजच्या बहुतेक लॅपटॉपांत एसएसडी नंतर बदलता येते, मॅकबुक एअरमध्ये नाही.

ग्राफिक्सची वेगळी चिप फक्त तिघांनी घ्यावी: त्रिमितीय आराखडे करणाऱ्यांनी, नेमाने व्हिडिओ संपादन करणाऱ्यांनी आणि स्वतःच्या यंत्रावर एआयची मॉडेल चालवणाऱ्यांनी. अशांसाठी आसुसचा झेफिरस जी१४ सारखे दीड किलोच्या आसपासचे लॅपटॉप निघाले आहेत, पण ते महाग आहेत आणि गरमही होतात. हल्ली डब्यावर ‘एआय पीसी’, ‘कोपायलट प्लस’ अशा चिठ्ठ्या असतात. कोपायलट प्लससाठी मायक्रोसॉफ्टने किमान १६ जीबी रॅम आणि एआयची गणितं करणारी विशिष्ट क्षमतेची चिप बंधनकारक केली आहे. त्यामुळे ती चिठ्ठी रॅमची हमी म्हणून उपयोगी. तेवढ्यासाठी जादा पैसे मोजण्याची गरज नाही, कारण चॅटजीपीटीसारखी साधनं इंटरनेटवरच चालतात.

पडद्याकडे आपण दिवसातले आठ-आठ तास पाहतो, आणि किंमत खाली आणायची असली की कंपन्या याच जागी हात आखडता घेतात. आकाराला १४ इंच हा उत्तम मध्य आहे. लांबी-रुंदीचं प्रमाण १६:१० असावं. जुन्या १६:९ पेक्षा उंची वाढते आणि दस्तऐवजाच्या, कोडच्या चार ओळी जास्त दिसतात. १४ इंचाला १९२०×१२०० ठिपके किमान हवेत.

मराठीत काम करणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. देवनागरीत रफार, अनुस्वार, उकार ही सगळी बारीक चिन्हं अक्षराच्या वर-खाली बसतात. स्वस्त, विरळ ठिपक्यांच्या पडद्यावर ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ सारखेच दिसतात, अनुस्वार राहिलेला कळत नाही. मुद्रितशोधन, भाषांतर, वृत्तलेखन करणाऱ्यांनी दुकानात स्वतःची मराठी फाइल नेहमीच्या आकारात उघडून वाचून पाहावी. दुकानदार लावतो तो निसर्गाचा व्हिडिओ यातलं काहीच सांगत नाही.

उजेडाचं माप ‘निट्स’मध्ये असतं. २५० निट्सचा पडदा खिडकीपाशी बसलं की फिका पडतो. ३०० किमान, ४०० असेल तर निर्धास्त. रंगांच्या रकान्यात ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलेलं असेल तर रंग निस्तेज दिसणार. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हवं. फोटो आणि छपाईचं काम करणाऱ्यांनी तर याबाबत तडजोड करूच नये. ओएलईडी पडदा फार सुंदर दिसतो. पण उजेड कमी केल्यावर त्याची अतिशय जलद उघडझाप होते आणि काहींचे डोळे किंवा डोकं त्याने दुखतं. अर्धा तास वाचून पाहिल्याशिवाय तो घेऊ नये. चकचकीत पडद्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब येतं. कार्यालयासाठी मॅट बरा.

कीबोर्डवर दुकानातच दोन परिच्छेद टंकावेत. पॉवरचं बटण डिलीटच्या शेजारी आहे का, बाणांच्या कळा फारच बारीक आहेत का, कळांखाली दिवा आहे का, एवढं पाहिलं तरी पुरे. मराठी टंकनासाठी वेगळा कीबोर्ड लागत नाही. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार टंकनाची मराठी फोनेटिक मांडणी विंडोजमध्येच आहे. ज्यांच्या कार्यालयात अजून जुने, युनिकोड नसलेले फाँट चालतात, त्यांनी ते सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालतं का हे यादी करतानाच विचारून घ्यावं.

‘अठरा तास बॅटरी’ हा दावा मंद उजेडात सलग व्हिडिओ पाहून काढलेला असतो. आपला हिशेब आपणच करावा. बॅटरीची क्षमता वॅट-तासात लिहिलेली असते. ६० वॅट-तासांची बॅटरी आणि काम करताना लॅपटॉपचा वापर सरासरी ८ वॅट, तर साडेसात तास. व्हिडिओ कॉल चालू असेल आणि उजेड वाढवलेला असेल तर हाच वापर दुपटीवर जाऊ शकतो आणि तास निम्मे होतात. याच कारणाने तेवढ्याच बॅटरीत काटकसरी चिपचा लॅपटॉप जास्त टिकतो. फार पातळ यंत्रांत बॅटरीही छोटी ठेवलेली असते, ४० ते ५० वॅट-तासांची. दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी वजनात शंभर ग्रॅम वाढू द्यावेत आणि मोठी बॅटरी घ्यावी. विमानात हातातल्या सामानात १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी वेगळी परवानगी न घेता नेता येते; हलके लॅपटॉप त्याच्या आतच असतात.

घरी दिवसभर चार्जर लावून काम करणार असाल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात, ती सुरू करावी. बॅटरी सतत पूर्ण भरलेली आणि गरम राहिली की लवकर उतरते.

जोडणीच्या जागा म्हणजे पोर्ट मोजताना आपल्या कामाची ठिकाणं डोळ्यांपुढे आणावीत. सभागृहातल्या प्रोजेक्टरला अजून एचडीएमआय लागतं, सहीचं टोकन आणि पेनड्राइव्ह जुन्या चौकोनी यूएसबीत बसतात. हे पोर्ट नसतील तर एक छोटा हब घ्यावा लागतो, त्याचं वजन आणि किंमत धरावी. सगळे यूएसबी-सी पोर्ट सारखे नसतात. काहींतून फक्त फाइली जातात; चार्जिंग आणि बाहेरचा पडदा दोन्ही चालतात का, ते तपशिलात वाचावं. दोन मॉनिटर लावणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच पडदा थेट जोडता येतो.

धातूच्या कवचाच्या लॅपटॉपबद्दल ‘हाताला मुंग्या येतात, शॉक बसतो’ अशी तक्रार आपल्याकडे वारंवार ऐकू येते. चार्जर दोन पिनांचा असेल किंवा घरात अर्थिंग नीट नसेल तेव्हा असं होतं. तीन पिनांची वायर वापरावी आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं.

वापरलेला लॅपटॉप घ्यायचा असेल तर कंपन्यांतून निघालेले थिंकपॅड, लॅटिट्यूड आणि एलिटबुक मजबूत असतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते भरपूर दिसतात. मात्र इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीची चिप घेऊ नये. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बॅटरी बदलावी लागेल असं धरूनच भाव करावा.

खरेदीच्या वेळी जाहिरातीतलं नाव नव्हे, पूर्ण मॉडेल क्रमांक जुळवावा. एकाच नावाखाली वेगळा पडदा, वेगळी रॅम असलेले लॅपटॉप विकले जातात, आणि चारपाच हजारांनी स्वस्त दिसणारा बहुधा ४५ टक्के एनटीएससीवालाच असतो. स्वस्त लॅपटॉपवर ‘डॉस’ लिहिलेलं असेल तर त्यात विंडोज नाही. कार्यालयाच्या डोमेनला, म्हणजे मध्यवर्ती नियंत्रण असलेल्या नेटवर्कला जोडायचा असेल तर विंडोज प्रो लागेल. होम आवृत्तीत ती सोय नाही. आपण जीएसटी नोंदणीधारक व्यावसायिक असाल तर बिलावर आपला जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. १८ टक्के दराने ८० हजारांच्या बिलात सुमारे १२ हजार २०० रुपये कर असतो, आणि धंद्यासाठी घेतलेल्या लॅपटॉपवर त्याची वजावट मिळू शकते.

वॉरंटीत ‘ऑनसाइट’ म्हणजे तंत्रज्ञ आपल्याकडे येणार, ‘कॅरी-इन’ म्हणजे आपण सेवाकेंद्रात न्यायचा. ऑनसाइट आपल्या पिनकोडला लागू आहे का, ते कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन करून विचारावं. गडचिरोली, सिंधुदुर्ग अशा जिल्ह्यांत हा प्रश्न फार कामाचा आहे. रोज प्रवास करणाऱ्यांनी अपघाती नुकसानीचं संरक्षण पैसे भरून घ्यावं. पडणं, चहा सांडणं, पावसात भिजणं हे साध्या वॉरंटीत बसत नाही.

डबा उघडताना व्हिडिओ काढावा. डब्यावरचा आणि लॅपटॉपच्या पाठीवरचा अनुक्रमांक जुळतो का ते पाहावं, आणि तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख तपासावी. ती बिलाच्या तारखेआधीपासून सुरू झालेली दिसली तर बिल पाठवून दुरुस्त करून घ्यावी. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी: दुकानदाराला ‘सेटअप करून देतो’ म्हणून त्याच्या ई-मेलने लॉगइन करू देऊ नये. सोबत मिळणारं ऑफिस पहिल्यांदा ज्या खात्याने सुरू केलं त्या खात्याला जोडलं जातं, आणि ते खातं आपलं नसेल तर पुढे मनस्ताप होतो.

ऑनलाइन घेतलेल्या लॅपटॉपवर बरेचदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदली मिळते, तीही मोजक्या दिवसांत. त्या दिवसांत लॅपटॉप जपून ठेवू नये, उलट राबवावा. सुरुवातीला केलेली यादी काढून त्यातलं प्रत्येक सॉफ्टवेअर, टोकन, प्रिंटर आणि प्रोजेक्टर त्याला जोडून पाहावा, पांढऱ्या आणि काळ्या पडद्यावर मेलेले ठिपके शोधावेत, एक पूर्ण दिवस चार्जरशिवाय काम करून पाहावं. दोष आढळला तर लगेच लेखी कळवावं. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार करताना बिल आणि डबा उघडतानाचा व्हिडिओ हाताशी ठेवावा.